दुकानातली 'पोर्ट' आणि १७५७ चा गुत्तेवाल्यांचा दंगा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "तर" बरेचसे काढलेत, सगळे काढले तर मग तो मी राहणार नाही.

महाराष्ट्रात "वाईन शॉप" अशी पाटी असलेल्या दुकानात वाईन सोडून बाकी सगळं मिळतं हे तुम्हाला माहीतच आहे. व्हिस्की आणि रमच्या रांगा, फ्रीजमध्ये बिअर, आणि खालच्या फळीवर कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या पाच-सहा वाईनच्या बाटल्या. त्यांत एक हमखास असते. गडद लाल, गोड, खिशाला परवडणारी, आणि लेबलवर "पोर्ट" असं लिहिलेली. गोव्याहून परतणाऱ्या बॅगांमध्येही हीच असते. आणि कुठल्याही ग्रुपमध्ये असा एक जण असतो जो युरोप फिरून आलेला असतो आणि ती बाटली बघून म्हणतो, "ही काय खरी पोर्ट नाही रे."

बरोबर आहे त्याचं. कायद्याच्या भाषेत अगदी बरोबर. पण "खरी पोर्ट" म्हणजे काय, हे कधी, कुणी आणि कुणाच्या जिवावर ठरवलं, हे बघायला गेलं की गोष्ट फार वेगळ्या ठिकाणी जाते. त्यात एक भूकंप आहे, एक दंगा आहे, फाशी गेलेले लोक आहेत, आणि एक माणूस आहे जो आयुष्यभर सांगत राहिला की तुम्ही ज्याला खरी पोर्ट म्हणता तीच मुळात भेसळ आहे.

आधी थोडं रसायन. दोनच मिनिटं.

द्राक्षाचा रस आंबतो म्हणजे यीस्ट त्यातली साखर खातं आणि अल्कोहोल बनवतं. साध्या वाईनमध्ये हे साखर संपेपर्यंत चालतं आणि आपल्याला १२-१४ टक्के अल्कोहोलची, फारशी गोड नसलेली वाईन मिळते. आता मध्येच, साखर अर्धी शिल्लक असताना, त्यात द्राक्षापासूनच गाळलेलं कडक स्पिरिट ओतलं तर? अल्कोहोल एकदम वाढतं, यीस्टला ते झेपत नाही, ते मरतं, आणि उरलेली साखर तशीच राहते. वाईन गोड होते, कडक होते, आणि लवकर खराब होत नाही. हीच फोर्टिफाइड वाईन. फोर्ट म्हणजे किल्ला, तेव्हा आपण हिला तटबंदी केलेली वाईन म्हणू. पोर्टच्या बाबतीत पारंपरिक हिशोब असा आहे की ४३५ लिटर आंबत्या रसात ११५ लिटर स्पिरिट घालायचं. एकूण ५५० लिटर. या ५५० लिटरच्या लाकडी पिंपाला पोर्तुगीजमध्ये "पीपा" म्हणतात, आणि आपलं "पिंप" तिथूनच आलंय. पाव, बटाटा, चावी, साबण यांच्याबरोबर पोर्तुगीजांनी मराठीला दिलेला हा आणखी एक शब्द. पाणी नाही आलं की आपण ज्याच्याकडे धावतो ते पिंप मुळात दारूचं माप आहे.

त्या स्पिरिटचं नाव आग्वार्देंत. आग्वा म्हणजे पाणी, आर्देंत म्हणजे जळणारं. गोव्याच्या आग्वाद किल्ल्यातला आग्वा तोच, जहाजं तिथे पिण्याचं पाणी भरून घ्यायची म्हणून.

रसायन संपलं. आता प्रश्न असा की चांगल्या वाईनमध्ये हे जळतं पाणी ओतायची वेळ का आली.

कारण राजकारण. इंग्लंडात द्राक्षं धड होत नाहीत, पण पिणारे भरपूर. ते प्यायचे फ्रान्सची वाईन. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड-फ्रान्सची भांडणं पेटली, फ्रेंच वाईनवर कधी बंदी तर कधी जबर जकात बसली, आणि व्यापाऱ्यांनी पोर्तुगालकडे मोर्चा वळवला. पोर्तुगालशी इंग्लंडचे संबंध जुने आणि गोड होते. किती गोड, तर १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालच्या कॅथरीनबरोबर त्यांनी इंग्लंडच्या राजाला मुंबई बेट आंदण दिलं. शाळेत आपण हे मुंबईची गंमत म्हणून शिकतो. पण त्याच काळातल्या तहांनी इंग्रज व्यापाऱ्यांना पोर्तुगालमध्ये राहायच्या आणि धंदा करायच्या सवलती पक्क्या करून दिल्या. मुंबई आणि पोर्ट वाईन या एकाच सोयरिकीच्या दोन बाजू आहेत म्हटलं तर फार चूक होणार नाही. पुढे १७०३ साली मेथुएनचा तह झाला, आणि पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात लागेल असं लिहूनच दिलं गेलं.

मागणी उसळली. उत्तर पोर्तुगालमध्ये दोरो नावाची नदी आहे. समुद्रापासून साधारण शंभर किलोमीटर आत, उभ्या डोंगरांवर दगडी बांध घालून द्राक्षांचे मळे केलेत. आपल्याकडच्या डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीची आठवण यावी असे, फक्त पावसाऐवजी रणरणतं ऊन. तिथून पिंपं सपाट बुडाच्या होड्यांतून नदीने खाली पोर्तो शहरात यायची आणि तिथून जहाजाने इंग्लंडला. एवढ्या प्रवासात साधी वाईन आंबून जायची. म्हणून व्यापारी निघताना पिंपात थोडी ब्रँडी घालायचे. लक्षात घ्या, थोडी, आणि वाईन पूर्ण तयार झाल्यावर. हे मीठ लावून मासळी वाळवण्यासारखं होतं. चवीसाठी नाही, टिकण्यासाठी.

तुम्ही कुठल्याही धंद्यात असाल तर पुढचं सांगायला नको. मागणी वाढली, माल कमी पडला, आणि लोकांनी हात मारायला सुरुवात केली. एल्डर नावाच्या झुडपाला काळी फळं येतात, त्यांचा रस घातला की फिकी वाईन गडद दिसते. बाहेरून आणलेली हलकी वाईन मिसळ, साखर घाल, मसाला घाल. लंडनमध्ये पोर्टचं नाव खराब झालं आणि १७५० च्या दशकात भाव कोसळले.

आता इथे कान द्या, कारण या सगळ्या भागाचा कणा हाच आहे. १७५४ साली पोर्तोच्या इंग्रज वखारवाल्यांनी वरच्या शेतकऱ्यांच्या बाजूच्या दलालांना एक रागाचं पत्र धाडलं. तक्रारींची यादीच. त्यात एक तक्रार अशी होती की हे लोक रस आंबत असतानाच त्यात ब्रँडी ओततात आणि आंबणं मध्येच थांबवतात. वखारवाल्यांनी या प्रकाराला सरळ सैतानी कृत्य म्हटलं. शेतकऱ्यांच्या बाजूने उत्तर गेलं त्याचा सूर असा, की साहेब, निसर्गाने दिली तशी वाईन तुम्हालाच पुरेना. तुम्हालाच ती आणखी कडक, आणखी गोड, आणखी काळी हवी होती. आम्ही तुम्ही मागितलं ते दिलं.

मघाशी मी रसायन सांगितलं ना, अर्धी साखर असताना स्पिरिट ओतायचं? आज पोर्ट म्हणवून घ्यायचं असेल तर तेच करावं लागतं. १७५४ मध्ये जे पाप होतं तेच आज नियमपुस्तक आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत जुना विनोद आहे की हा बग नाही, फीचर आहे. पण इथे खरोखर शंभर वर्षं बग म्हणून तक्रार झाली आणि मग तो स्पेसिफिकेशनमध्ये गेला.

मधली गोष्ट जास्त रक्ताळलेली आहे.

१ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये प्रचंड भूकंप झाला. शहर जमीनदोस्त झालं. त्या धुळीतून एक माणूस वर आला, सेबाश्तियाव जोझे द कार्व्हाल्यो. पुढे त्याला पोंबालचा मार्किस हा किताब मिळाला आणि इतिहास त्याला पोंबाल म्हणूनच ओळखतो. राजाचा मंत्री, पण राज्य खरं हाच चालवायचा. गोव्याच्या इतिहासातही हा येतो. १७७४ मध्ये गोव्यातलं इन्क्विझिशन बंद झालं ते याच्याच राजवटीत. तो पडल्यावर १७७८ मध्ये ते परत सुरू झालं, तो वेगळा भाग होईल.

१० सप्टेंबर १७५६ ला पोंबालने वरच्या दोरोच्या द्राक्षमळ्यांसाठी एक कंपनी काढली. (संदर्भासाठी, याच वर्षी फेब्रुवारीत आपल्याकडे विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार इंग्रजांच्या तोफांखाली जळालं होतं, आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते.) या कंपनीचं काम एका ओळीत सांगायचं तर पोर्ट म्हणजे काय ते ठरवणं. कुठल्या गावची द्राक्षं चालतील याची हद्द आखली गेली. पुढच्या काही वर्षांत या हद्दीवर तीनशेहून जास्त ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले, त्यातले कित्येक आजही उभे आहेत. हद्दीच्या आत निर्यातीची वाईन कुठली आणि घरच्या बाजारातली कुठली याची प्रतवारी झाली. भाव बांधले गेले. एल्डरची झुडपं उपटून टाकायचे हुकूम सुटले. आज आपण भौगोलिक मानांकन म्हणतो, जीआय टॅग, नाशिकची द्राक्षं, रत्नागिरीचा हापूस वगैरे, त्या कल्पनेच्या जगातल्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी हे एक.

ऐकायला फार छान वाटतं. भेसळ बंद, शेतकऱ्याला भाव, ग्राहकाला खात्रीचा माल. पाठ्यपुस्तकात असतं तर दोन गुणांचं उत्तर झालं असतं.

पण कंपनीला आणखी एक गोष्ट मिळाली होती. पोर्तो शहर आणि आसपासच्या गुत्त्यांना वाईन पुरवायचा मक्ता. म्हणजे आता गल्लीतल्या दुकानदाराने माल कुणाकडून घ्यायचा हे कंपनी ठरवणार. गुत्त्यांची संख्याही कमी केली गेली. आतापर्यंत गुत्तेवाला ओळखीच्या शेतकऱ्याकडून एखादं पिंप स्वस्तात उचलायचा, चार पैसे सुटायचे. पिंपं बनवणारे कारागीर, होडीवाले, हमाल, गुत्ते चालवणाऱ्या बायका, सगळ्यांचं पोट त्या साखळीवर होतं. एका कागदाने ती साखळी तुटली, आणि वाईन महागली ते वेगळंच.

२३ फेब्रुवारी १७५७, ॲश वेन्सडेचा दिवस. लोक रस्त्यावर आले. ते एका बड्या सरकारी अधिकाऱ्याच्या दारी गेले आणि कंपनी बरखास्त करा म्हणाले. राजाचा जयजयकार करत, बरं का. राग राजावर नाही, कंपनीवर. कंपनीच्या प्रमुखाच्या घरावर हल्ला झाला, कागदपत्रं फाडली गेली. दबावाखाली अधिकाऱ्याने कंपनी बंद झाल्याचं तोंडी कबूल केलं, लोकांनी आनंदाने घंटा वाजवल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळे घरी गेले. दंगा एका दिवसात संपला. याला पुढे दारुड्यांचं बंड असं नाव पडलं. नाव कुणी दिलं असेल ते कळतंच.

पोंबालने हे दंगा म्हणून बघितलंच नाही. राजाच्या कंपनीवर हात म्हणजे राजावर हात, सबब राजद्रोह. शहरात सैन्य आलं, नेतृत्व पोंबालच्याच नात्यातल्या माणसाकडे. सैनिकांना लोकांच्या घरांत ठेवलं गेलं आणि त्यांचा खर्च शहराच्या माथी मारला. चारशेहून जास्त लोकांवर खटले चालले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दहाहून अधिक जणांना फासावर चढवलं. बाकीच्यांना फटके, हद्दपारी, मालमत्ता जप्ती.

मी या विषयावर वाचायला लागलो तेव्हा मला वाटलं होतं की जीआय वगैरे गोष्टी सभ्य, टाय लावलेल्या लोकांनी ठरवल्या असतील. आणि मी पोंबालला नुसता खलनायक करत नाहीये. भेसळ खरी होती, भाव खरंच कोसळले होते, आणि काहीच केलं नसतं तर दोरोतले छोटे शेतकरी देशोधडीला लागले असते. पण शुद्धतेच्या नावाने जेव्हा मक्ता येतो तेव्हा फायदा कुणाचा आणि फास कुणाला, हे विचारलं पाहिजे. इथे मोठ्या जमीनदारांचा फायदा झाला आणि फास दुकानदारांना बसला. काही वर्षांनी कंपनीला उत्तरेतल्या प्रांतांत आग्वार्देंत बनवण्या-विकण्याचाही मक्ता मिळाला. आता गंमत बघा. जी संस्था पोर्ट शुद्ध ठेवायला जन्मली, तिला पोर्टमध्ये ओतायच्या ब्रँडीवर पैसा मिळायला लागला. जितकी ब्रँडी जास्त, तितकी कमाई जास्त.

आणि ब्रँडी वाढतच गेली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात गोड, कडक, काळीशार पोर्ट हाच इंग्लंडचा आवडता प्रकार झाला.

याला विरोध करणारा माणूस म्हणजे जोसेफ जेम्स फॉरेस्टर. इंग्रज, तरुणपणी पोर्तोला काकाच्या पेढीत आला, आणि दोरोच्या प्रेमात पडला. शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलायचा, नदीचा तपशीलवार नकाशा त्याने स्वतः काढला. १८४४ मध्ये त्याने एक पुस्तिका काढली आणि म्हणाला की हा सगळा प्रकार थांबवा. पोर्ट म्हणजे दोरोच्या द्राक्षांची, पूर्ण आंबलेली, साखर न राहिलेली वाईन. मध्येच ब्रँडी ओतणं ही भेसळ आहे. त्याच्याच धंद्यातले लोक त्याच्यावर तुटून पडले. पोर्तुगालने मात्र त्याला १८५५ मध्ये बॅरन केलं. १२ मे १८६१ ला दोरोच्याच एका धोकादायक वळणावर त्याची होडी उलटली आणि तो बुडाला. कमरेच्या पट्ट्यात सोन्याची नाणी होती म्हणून तळाला गेला अशी दंतकथा आहे. त्याच होडीत दोना आंतोनिया फेरेरा होती, दोरोतली सर्वांत मोठी मळेवाली बाई. ती वाचली, म्हणे तिच्या घोळदार घागऱ्यात हवा भरली म्हणून. मला ही गोष्ट जरा जास्तच नीटनेटकी वाटते, पण पोर्तोत सगळे ती सांगतात.

फॉरेस्टर हरला. त्याच्या मरणापर्यंत मध्येच ब्रँडी घालायची पद्धत रूढ झालेली होती, आणि आज दोरोची ब्रँडी न घातलेली वाईन विकायची असेल तर तिला पोर्ट म्हणता येत नाही, "दोरो" म्हणावं लागतं. फॉरेस्टरच्या व्याख्येतली खरी पोर्ट आज पोर्ट नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण भारताचा या तटबंदीच्या वाईनशी संबंध गोव्याच्या बाटलीपेक्षा जुना आहे.

अटलांटिकमध्ये मदेरा नावाचं पोर्तुगीज बेट आहे. संस्कृतातल्या मदिरेशी याचा काही संबंध नाही, पोर्तुगीजमध्ये मदेरा म्हणजे लाकूड, बेटावर जंगल होतं म्हणून. पण योगायोग छान आहे. युरोपातून हिंदुस्थानला येणारी जहाजं इथे थांबायची आणि वाईनची पिंपं भरून घ्यायची. पुढे आफ्रिकेला वळसा, दोनदा विषुववृत्त, महिनोन् महिने जहाजाच्या पोटात भट्टीसारखी उष्णता. कुठलीही साधी वाईन याने मेली असती. मदेराची वाईन सुधारली. भाजलेल्या सुकामेव्यासारखा, जळक्या साखरेसारखा वास तिला यायला लागला. १६८९ साली इंग्लंडहून निघालेला जॉन ओव्हिंग्टन नावाचा पाद्री मदेराला थांबून मुंबई आणि सुरतेला आला. याचं प्रवासवर्णन मुंबईच्या इतिहासात फार वापरलं जातं, इथे आलेला गोरा माणूस दोन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाही ही म्हण त्यानेच नोंदवलीये. तर या माणसाने मदेराच्या वाईनबद्दलही लिहून ठेवलंय की उन्हाने ही बिघडत नाही, उलट सुधारते. माणसं मुंबईत दोन पावसाळे टिकत नव्हती पण त्यांची वाईन टिकत होती.

अठराव्या शतकात मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या साहेबांच्या टेबलावर मदेरा हे नेहमीचं पेय झालं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की नुसती इथे आणलेलीच नाही, इथून परत नेलेली तर आणखी चांगली लागते. फेरी मारून आलेल्या पिंपांना "व्हिन्यो दा रोदा" म्हणायचे, चकरेची वाईन, आणि तिला जास्त भाव मिळायचा. म्हणजे हिंदुस्थानची सफर हा वाईन बनवण्याच्या कृतीचाच एक टप्पा झाला. ओव्हनसारखा. पुढे लोकांना कळलं की जहाजाची गरज नाही, बेटावरच गरम खोल्यांत आणि टाक्यांत हे करता येतं, आणि आज स्वस्त मदेरा ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने तापवतात. महागडी मदेरा माळ्यावर, उन्हाने तापणाऱ्या छपराखाली, वर्षानुवर्षं पडून राहते.

स्पेनची शेरी आणि सिसिलीची मर्साला यांचाही जन्म थोडाफार असाच, लांबचा समुद्रप्रवास आणि इंग्रजी घसा. त्यांच्यावर आज वेळ घालवत नाही. शेरीवर एक स्वतंत्र भाग करायचाय.

मग गोव्याची पोर्ट. गोवा पोर्तुगीजांकडे १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होता. नाव, चवीची आठवण, नाताळ आणि लग्नातला ग्लास, हे तिथून आलं. द्राक्ष नाही आलं. गोव्याच्या हवेत वाईनची द्राक्षं होत नाहीत, काजू होतो, म्हणून गोव्याची अस्सल दारू म्हणजे हुर्राक आणि फेणी. पोर्टसाठी द्राक्षं घाटावरून येतात, बऱ्याचदा बंगळूर ब्लू जातीची. ही जात मुळात अमेरिकन वंशाची आहे, तिला तो जॅमसारखा, द्राक्षाच्या सरबतासारखा वास असतो. बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा वाचा आणि पोर्तोच्या पोर्टच्या १९ ते २२ टक्क्यांशी ताडून बघा, बहुतेक वेळा तो बराच खाली असतो. तेव्हा दोरोची पोर्ट आणि ही, दोन वेगळ्या वस्तू आहेत, यात वाद नाही. पोर्तुगालने "पोर्तो" हे नाव भारतातही भौगोलिक मानांकन म्हणून नोंदवून घेतलंय.

इतर देशांत हा वाद मिटत चाललाय. ऑस्ट्रेलियाने युरोपशी करार केला आणि आपल्या वाईनला पोर्ट आणि शेरी म्हणणं सोडलं. त्यांची शेरी आता "अपेरा" आहे. दक्षिण आफ्रिकेवाले "केप रूबी" वगैरे म्हणतात. अमेरिकेने जुन्या ब्रँडांना सूट घेतली.

माझं मत विचाराल तर आपणही नाव बदलावं. शेतकऱ्याच्या बाजूने विचार केला तर कोल्हापुरी चप्पल दुसऱ्याने बनवून विकली की आपल्याला जो राग येतो, तोच दोरोवाल्याला येणार, आणि आपण एका बाजूने जीआय मागायचं आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्याचं नाव वापरायचं हे बरं दिसत नाही. पण गोव्याची बाटली ही "नकली" म्हणून हसण्यासारखी वस्तू आहे हे मात्र मला मान्य नाही. गोड, कडक, जेवणानंतर छोट्या ग्लासातून प्यायची लाल वाईन ही कित्येक घरांत दोन-तीन पिढ्यांची सवय आहे. तिला तिचं स्वतःचं नाव मिळालं पाहिजे, बस. फेणीला मिळालं तसं.

आता दुकानदाराच्या बाजूने. मी आमच्या भागातल्या एका वाईन शॉपवाल्या काकांना विचारलं होतं की परदेशी पोर्ट, मदेरा का ठेवत नाही. काका म्हणाले, "अरे, ती बाटली घेणार कोण? वर्षभर पडून राहणार, पैसे अडकणार." हिशोब त्यांचा बरोबर आहे. परदेशी वाईनवर कित्येक वर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं. त्यावर राज्याचे कर. शिवाय महाराष्ट्रात प्रत्येक लेबल उत्पादन शुल्क विभागाकडे नोंदवावं लागतं, त्याची फी वेगळी, म्हणजे आयातदाराला दहा पेट्यांसाठीही तोच खटाटोप. आणि हे सगळं चालतं १९४९ च्या कायद्याखाली, ज्याचं नावच दारूबंदी कायदा आहे. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तर केवढं रान उठलं ते आठवत असेलच. गुत्त्यात काय ठेवायचं हे सरकारने ठरवणं पोंबालबरोबर संपलं नाही.

पण काकांच्या बोलण्यातलं "वर्षभर पडून राहणार" हे मला अडलं. कारण या वाईन त्यासाठीच तर घडल्या. पडून राहायला, हलायला, तापायला. एसी नसलेल्या, मे महिन्यात तापणाऱ्या दुकानात साधी रेड वाईन महिन्याभरात उतरायला लागते. मदेराला काही होत नाही, तिने याहून वाईट दिवस काढलेत. म्हणून तुमच्यापैकी कुणाचं दुकान असेल, किंवा दुकानदाराला आग्रह करायची ओळख असेल, तर माझा क्रम असा राहील. पहिली मदेरा, सर्वांत दणकट. उघडल्यावरही कित्येक महिने राहते, म्हणून घरात एकटाच पिणारा असेल तरी चालते. मग टॉनी पोर्ट, जी लाकडी पिंपात वर्षानुवर्षं राहून तपकिरी झालेली असते, उघडल्यावर महिनाभर आरामात. रूबी पोर्ट, लाल आणि फळांच्या चवीची, दोन-तीन आठवडे, आणि गोव्याची चव आवडणाऱ्याला पहिला घोट हिचाच द्यावा. व्हिंटेज पोर्ट नको. ती बाटलीत मुरते, तळाला गाळ बसतो, उघडली की दोन दिवसांत संपवावी लागते, आणि इथल्या उष्णतेत ती नीट सांभाळणं कठीण. फिनो नावाची पांढरी कोरडी शेरी तर अजिबात नको, ती तटबंदीवाल्यांतली सगळ्यात नाजूक आहे, ताजी आणि थंडच लागते.

आणि बाटली घेताना नुसतं "पोर्ट" न बघता "पोर्तो" शब्द आणि गळ्यावरची सरकारी पट्टी बघा. ती पट्टी पोर्तुगालची दोरो-पोर्तोची सरकारी संस्था देते, पोंबालच्या कंपनीचं काम आता तिच्याकडे आहे.

फेणीच्या जीआयची गोष्ट मध्येच सोडली, ती पुढच्या भागात. तोवर भेटू.